गांधीलमाशीच्या आधी

खंबाटकीचा घाट उतरताना आमच्या स्कूटरचं पुढचं चाक पंक्चर झालं, ती रात्र मला वासासकट आठवते. पावसाळा नुकताच सरला होता. घाटात ओल्या गवताचा वास होता आणि खाली दूरवर ट्रकच्या दिव्यांची माळ. पुण्याला आत्याकडचं बारसं उरकून आम्ही साताऱ्याला परत निघालो होतो. बाबा चालवत होते, आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती आणि मी पुढे उभी, बाबांच्या गुडघ्यांच्या आणि हँडलच्या मधल्या जागेत. ती जागा माझी होती. वारा आधी मला लागायचा, मग बाबांना.

हँडल एकदम जड झालं. बाबांनी गाडी हळूहळू कडेला घेतली, स्टँडवर चढवली आणि आईला सीटच्या पार मागच्या टोकाला बसायला सांगितलं. तिच्या वजनानं पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं. आई पदर सावरत, मागचं हँडल घट्ट धरून बसून राहिली. माझ्या हातात बॅटरी. बाबांनी पाना काढला, नट सैल केले, चाक आडवं ओढून बाजूला ठेवलं, स्टेपनी चढवली आणि नट पुन्हा आवळले. चाक एकाच बाजूनं धरलेलं असल्यामुळे मधला दांडा बाहेर ओढायचा नव्हता, काही वाकडंतिकडं करायचं नव्हतं. मोटारीचं चाक बदलावं तसं ते बदललं. दहा-पंधरा मिनिटांत आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. त्याआधी रुमालाला हात पुसत बाबा म्हणाले, "ज्यानं ही बनवली ना, त्यानं पंक्चर झालेल्या माणसाचा विचार केलाय."

बाबांच्या तोंडी याहून मोठं कौतुक नव्हतं. ते आयटीआयमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचे. पोरं मन लावून, टोकदार पेन्सिलीनं, षटकोनी नट अगदी रेखीव काढायची. बाबा चष्मा कपाळावर सरकवून कागदावर वाकायचे आणि विचारायचे, "नट छान काढलास. आता हा आवळणारा हात कुठून जाणार?" पोरगं गप्प. कारण नटाच्या शेजारी एक उभी पट्टी असायची आणि तिथं पाना काय, करंगळीसुद्धा शिरली नसती. घरातही हा प्रश्न पाठ सोडत नसे. स्वयंपाकघरातला नळ बदलायचा असो की कपाटाची बिजागरी, बाबा आधी विचारणार, हात कुठून जाणार?

ती स्कूटर म्हणजे 'प्रिया'. बजाजच्या नावानं धावणारी, पण आमच्याच गावात, सातारच्या एमआयडीसीत, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार झालेली. त्यामुळे लहानपणी मला खात्री होती की 'ज्यानं ही बनवली' तो माणूस साताऱ्याचाच असणार. कदाचित सकाळच्या पाळीला डबा घेऊन आमच्याच गल्लीतून जाणारा कोणी. पुढे कळत्या वयात ही मूळची इटलीतली व्हेस्पा हे समजलं, पण तिच्यामागे एक विशिष्ट माणूस असेल, त्याचं काही नाव असेल, असं कधी मनात आलं नाही. वस्तू इतकी घरातली झाली की तिचा कर्ता शोधावासा वाटत नाही. पाटा-वरवंटा कोणी शोधून काढला, असं कोण विचारतं?

गेल्या पावसाळ्यात लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघी हेलिकॉप्टरचा इतिहास वाचत होतो. सुरुवातीच्या उड्डाणांची एक यादी होती. त्यात १९३० च्या ऑक्टोबरपुढे एक इटालियन नाव होतं : कोरादिनो दास्कानियो. उंची, वेळ आणि अंतर, तिन्ही विक्रम त्याच्या यंत्राचे. हा कोण म्हणून पुढे वाचायला घेतलं, तर दोन परिच्छेद खाली तेच नाव दुसऱ्याच संदर्भात आलं. व्हेस्पा स्कूटरचा जनक. मी आधी समजले की त्याच नावाचा दुसरा कोणी असेल. नव्हता. तोच.

मला खंबाटकीतली ती बॅटरी आठवली.

*

दास्कानियोचा जन्म १ फेब्रुवारी १८९१ चा, पोपोली गावातला. मध्य इटलीत अब्रुत्सो नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथलं हे छोटं गाव. मुलगा पक्ष्यांकडे बघत बसणारा. पक्ष्याचं वजन किती आणि पंख केवढे, याचा हिशोब मांडणारा. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यानं हातानं एक ग्लायडर जोडलं आणि गावाजवळच्या टेकडीवरून ते तरंगवून पाहिलं. १९१४ साली तूरिनच्या तंत्रविद्यालयातून तो यंत्र अभियंता झाला आणि लगेच महायुद्ध आलं. युद्धात तो विमानदळाच्या तांत्रिक कामात होता. १९१८ मध्ये पोमिलिओ बंधूंच्या विमान कंपनीसाठी अमेरिकेत, इंडियानापोलिसला गेला आणि पुढच्याच वर्षी परतला. परतल्यावर थेट आपल्या गावी, पोपोलीला. एकामागून एक पेटंटं घेत राहिला. पण डोक्यात एकच होतं, जागच्या जागी सरळ वर उठणारं यंत्र.

असं यंत्र म्हणजे आपल्या ओळखीची भिंगरी. दोन तळव्यांमध्ये काडी घुसळून सोडली की वर जाते. ती वर का जाते हे लहान मुलालाही कळतं. अवघड आहे ते भिंगरीत माणूस बसवणं.

घरातला छताचा पंखा आठवा. पाती एका बाजूला फिरतात तेव्हा मोटरचा गोळा उलट्या बाजूला फिरायला बघतो. छताची दांडी त्याला धरून ठेवते म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. हेलिकॉप्टरला छत नसतं. वरची पाती उजवीकडे फिरली तर खालचं धूड, माणसासकट, डावीकडे गरगरायला लागतं. ही पहिली अडचण. दुसरी त्याहून छुपी. यंत्र पुढे सरकायला लागलं की एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे पळतं. सामोरं जाणाऱ्या पात्याला वर उचलणारा जोर जास्त मिळतो, मागे पळणाऱ्याला कमी. यंत्र एका अंगावर कलंडतं. म्हणजे उभं राहिलं तर गरगरणार आणि पुढे गेलं तर कलंडणार.

फ्रान्समध्ये १९०७ साली ब्रेगे बंधूंच्या आणि पॉल कोर्न्यूच्या यंत्रांनी जमीन सोडली होती, तीही जेमतेम. १९२४ मध्ये एतिएन एमिशेननं एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला. त्याच सुमाराला अर्जेंटिनाचा राऊल पेस्कारा सातशे-साडेसातशे मीटर सरळ गेला. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हानं तर पात्यांना मुळाशी बिजागरी लावून त्यांना वरखाली होऊ दिलं आणि कलंडण्याचा प्रश्न सोडवला. पण त्याचं ऑटोजायरो जागच्या जागी उठत नव्हतं, त्याची पाती इंजिनाऐवजी वाऱ्यानं फिरायची. एकेक माणूस एकेक गाठ सोडवत होता. जागेवरून उठणारं, हवेत थांबणारं आणि चालवणाऱ्याच्या मनासारखं वळणारं यंत्र मात्र अजून व्हायचं होतं.

१९२५ मध्ये दास्कानियोला एक भागीदार भेटला, बॅरन पिएत्रो त्रोयानी. पैसा त्रोयानीचा, डोकं दास्कानियोचं. त्या दोघांच्या आद्याक्षरांवरून यंत्रांची नावं पडली : डी'एटी १, डी'एटी २, डी'एटी ३. पहिल्या दोघांनी शिकवलं. तिसऱ्याच्या मागे इटलीचं हवाई मंत्रालय उभं राहिलं.

*

डी'एटी ३ चे जुने फोटो पाहिले की पहिल्यांदा काहीच सुंदर दिसत नाही. नळ्यांचा सांगाडा, त्यात उघड्यावर बसलेला चालक, इंजिन आणि वर एकाच दांड्यावर, एकावर एक, दोन पात्यांच्या दोन जोड्या. अवाढव्य. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तेरा मीटर. वरची जोडी एका दिशेला फिरते, खालची उलट दिशेला, म्हणजे गरगरणं आपोआप फिटतं. पाती मुळाशी सैल, वरखाली होणारी. इंजिन फियाटचं, नव्वद-पंच्याण्णव अश्वशक्तीचं. आज रस्त्यावरच्या साध्या मोटारीचं असतं तेवढंच.

पण त्या पात्यांच्या मागच्या कडेकडे नीट पाहिलं की थांबायला होतं. प्रत्येक पात्याच्या मागे एक छोटंसं पंखासारखं पातं जोडलेलं आहे. शेपटीसारखं. चालकाच्या दांड्यापासून तारा निघतात, वरच्या मध्यभागातून जातात आणि त्या छोट्या शेपटीला हलवतात. शेपटी किंचित कलली की हवा तिला ढकलते आणि ती मोठ्या पात्याला पीळ देते. एवढं मोठं, वेगानं फिरणारं पातं माणसाच्या मनगटाच्या ताकदीनं वळवता येणं अशक्य होतं, म्हणून त्यानं हवेलाच कामाला लावलं. आणि हा पीळ प्रत्येक फेऱ्यात बदलता येतो : पातं फेऱ्याच्या एका बाजूला असताना कमी, दुसऱ्या बाजूला असताना जास्त. मग यंत्र पुढे झुकतं आणि पुढे जातं. उजवीकडे जायचं असलं तर पीळ तसा. आजचं हेलिकॉप्टरसुद्धा याच तत्त्वावर चालतं. फिरणाऱ्या पात्याचा कोन फेऱ्याफेऱ्यात बदलत राहायचा. साधनं वेगळी आहेत, विचार तोच. शिवाय त्यानं सांगाड्यावर तीन लहान पंखे लावले होते, तोल सावरायला आणि तोंड वळवायला.

मला इथं बाबांचा प्रश्न ऐकू आला. बाकीच्यांची यंत्रं वाचताना जाणवतं की त्यांच्या डोळ्यांपुढे वजन होतं, ते कसं उचलायचं. दास्कानियोच्या डोळ्यांपुढे त्या सांगाड्यात बसलेला माणूस होता. त्याचा हात कुठपर्यंत पोचणार आणि हातातल्या दांड्यानं वरचं ते भलंमोठं चक्र त्याचं ऐकणार की नाही.

ऑक्टोबर १९३०. रोमजवळचा चिआम्पीनो विमानतळ. चालक मारिनेल्लो नेल्ली. त्या महिन्याच्या आठ तारखेपासून तेरा तारखेपर्यंत तीन नोंदी झाल्या. हवेत ८ मिनिटं ४५ सेकंद. सरळ रेषेत १,०७८ मीटर. उंची १८ मीटर.

आकडे कागदावर लहान दिसतात. आठ मिनिटं पंचेचाळीस सेकंद म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या. अठरा मीटर म्हणजे सहा मजली इमारत. हजार मीटर म्हणजे साताऱ्यात राजवाड्यावरून निघालं तर पोवई नाकासुद्धा यायचा नाही. पण काही तारा, चार छोट्या शेपट्या आणि सैल पाती यांच्या भरवशावर सहाव्या मजल्याच्या उंचीवर उघड्यावर बसायचं, खाली पाय लोंबत असताना, हे मनात आणून पाहा. आणि पुढची काही वर्षं अधिकृत नोंदींत ते विक्रम टिकून राहिले. फ्रान्समध्ये ब्रेगेच्या नव्या यंत्राला ते ओलांडायला १९३५-३६ उजाडलं.

*

पुढचं लिहायला मला जड जातं.

पैसे संपले. जगभर मंदी होती. सरकारला पंखांची विमानं हवी होती, वेगानं जाणारी, युद्धाच्या कामाची. अठरा मीटर वर उठणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यात कोणाला भविष्य दिसलं नाही. कंपनी बंद पडली. १९३२ मध्ये दास्कानियो नोकरीला लागला, पियाजिओ कंपनीत, टस्कनीतल्या पोन्तेदेरा गावच्या कारखान्यात. चाळिशी ओलांडलेली, जगात आपल्या प्रकारचं सगळ्यात चांगलं यंत्र उडवून दाखवलेलं, आणि हाती आलं विमानांचे पंखे तयार करण्याचं काम.

ते काम त्यानं उत्तम केलं, हे सांगायलाच हवं. उडताना पात्यांचा कोन बदलता येईल असे पंखे, तेच त्याचं क्षेत्र झालं. पात्याला पीळ कसा द्यायचा हे त्या काळात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पिसाच्या विद्यापीठात तो शिकवायलाही जायचा. आणि मधूनमधून पियाजिओतच हेलिकॉप्टरचे आराखडे पुन्हा काढत राहिला, युद्ध सुरू झाल्यावरसुद्धा.

दरम्यान दुनिया पुढे गेली. १९३६ मध्ये जर्मनीत फोकेचं हेलिकॉप्टर उडालं. १९३९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत इगोर सिकोर्स्कीनं आपलं यंत्र दोरांनी बांधून जमिनीवरून उचललं आणि त्यातून पुढे कारखान्यात शेकड्यांनी निघणारी हेलिकॉप्टरं आली. शाळेच्या पुस्तकांत सिकोर्स्कीचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. तरी त्याच्या आधीचं एक पान गळालंय असं मला आता सारखं वाटतं.

युद्धात पोन्तेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा इटलीला विमानं बांधायची परवानगी राहिली नव्हती. हजारो कामगार, मोडलेले रस्ते, आणि माणसांना कामावर जायला साधन नाही. मालक एन्रिको पियाजिओनं ठरवलं, स्वस्तातली दुचाकी काढायची. त्याच्या माणसांनी एक नमुना बनवला होता. त्याला सगळे 'पापेरिनो' म्हणायचे, इटालियनमध्ये डोनाल्ड डकचं नाव. एन्रिकोला तो पसंत पडला नाही. त्यानं दास्कानियोला बोलावलं.

आणि दास्कानियोला मोटारसायकली मुळीच आवडत नसत. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, पाय फाकून बसावं लागतं, चाक पंक्चर झालं तर जीव मेटाकुटीला येतो. या त्याच्या तक्रारी होत्या आणि त्या तक्रारींतूनच गाडी उभी राहिली. त्याआधी फेर्दिनान्दो इनोचेंतीनंही त्याला स्कूटर काढायला सांगितलं होतं. इनोचेंतीचा धंदा पोलादी नळ्यांचा, त्याला नळ्यांचीच चौकट हवी होती. तिथं जमलं नाही. इनोचेंतीची ती स्कूटर म्हणजेच पुढची लॅम्ब्रेटा, आणि तीही आपल्या मुंबईत बनली, हा आणखी एक योग.

साखळी तेलकट? मग साखळीच नको, इंजिन मागच्या चाकाशेजारीच बसवू. पाय फाकावे लागतात? मग मध्ये काही ठेवायचंच नाही, खुर्चीवर बसल्यासारखं बसता आलं पाहिजे. विमानाच्या अंगासारखा पत्र्याचाच सांगाडा, तोच गाडीचा भार पेलणार आणि तोच यंत्राला झाकणार. गिअरसाठी पाय नको, हातातच देऊ. आणि पुढचं चाक एकाच बाजूच्या दांड्यावर, विमानाच्या चाकासारखं, म्हणजे दुसऱ्या बाजूनं सरळ ओढून काढता येईल. २३ एप्रिल १९४६ ला फ्लोरेन्समध्ये पेटंट नोंदवलं गेलं. गाडी पाहिल्यावर, तिचा रुंद मागचा भाग आणि बारीक कंबर पाहून, एन्रिको म्हणाला, "ही तर गांधीलमाशीच वाटतेय!" इटालियनमध्ये गांधीलमाशी म्हणजे व्हेस्पा.

आई साडीत, एका बाजूला पाय सोडून बसायची. मी पुढच्या मोकळ्या जागेत उभी राहायचे. ती मोकळी जागा दास्कानियोनं केली होती. बाबांच्या पँटला आयुष्यात साखळीचं तेल लागलं नाही. घाटातलं ते चाक. आमच्या घरातल्या किती गोष्टींत त्या माणसाचा हात होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आमच्याच घरात कशाला? आपल्या राज्यात फिरून बघा. बजाजनं पियाजिओशी करार करून साठच्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला स्कूटर बनवायला घेतली. करार संपल्यावर १९७२ मध्ये 'चेतक' आली, ती व्हेस्पाच्याच वळणाची. व्हेस्पापाठोपाठ दास्कानियोनं तीन चाकांची मालवाहू गाडी काढली होती, तिचं नाव 'आपे', म्हणजे मधमाशी. आपली रिक्षा तिचीच नात. आणि आता पियाजिओचा स्वतःचा कारखाना बारामतीला आहे. वडापला उभी असलेली, आत दहा माणसं आणि टपावर भाजीच्या पाट्या घेतलेली ती अ‍ॅपे रिक्षा पाहिली की मला पोपोलीच्या टेकडीवरचं पंधरा वर्षांचं पोरगं दिसतं. खरंच दिसतं.

आणि एक योगायोग आहे, तो कळल्यावर मी बराच वेळ खिडकीपाशी उभी होते. आपल्या हवाई दलाचं आणि नौदलाचं जे लहान हेलिकॉप्टर वर्षानुवर्षं पुरातून, समुद्रातून माणसं उचलत आलं, बेंगळुरूला फ्रेंच परवान्यावर बनलेलं, त्याचंही नाव 'चेतक'. कुलाब्याच्या किनाऱ्यावरून जाताना ते कितीदा डोक्यावरून गेलंय. एकाच घोड्याचं नाव, जमिनीवरच्या गाडीलाही आणि आभाळातल्या यंत्रालाही. नाव ठेवणाऱ्यांपैकी कोणी पोन्तेदेरातल्या त्या माणसाचा विचार केला नसणार. तरी त्याची तुटलेली दोन टोकं या एका शब्दात शेजारी बसली आहेत.

*

हे सगळं वाचून झाल्यावर एक वाक्य बऱ्याच ठिकाणी भेटतं, आणि मित्रमंडळींना सांगितलं तेव्हा त्यांनीही तेच म्हटलं : बरं झालं हेलिकॉप्टर फसलं, म्हणून जगाला व्हेस्पा मिळाली.

मला हे वाक्य सहन होत नाही. एक तर हेलिकॉप्टर फसलं नव्हतं, ते उडालं होतं. त्याला थांबवलं गेलं. आणि दुसरं, ज्याचं गेलं त्याला तो हिशोब पटला होता का, हे त्याच्या आयुष्याला विचारावं. व्हेस्पा जगभर गाजली, रस्त्यारस्त्यावर त्याची गाडी धावू लागली, तेव्हा दास्कानियो काय करत होता? पन्नासच्या दशकात पियाजिओमध्येच पुन्हा हेलिकॉप्टर. तेही पुढे गेलं नाही. मग सत्तरी उलटल्यावर तो आगुस्ता कंपनीत गेला, का, तर एक छोटं, शिकाऊ चालकांसाठीचं हेलिकॉप्टर करायला. त्याच्या नावाची आद्याक्षरं त्या यंत्राला मिळाली, पण उत्पादनात तेही आलं नाही. ६ ऑगस्ट १९८१ ला तो पिसात गेला. नव्वद वर्षांचा होऊन. पंधराव्या वर्षापासून शेवटपर्यंत त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि जगानं त्याला दुसऱ्याच गोष्टीसाठी डोक्यावर घेतलं. स्कूटर त्यानं प्रेमानं केली, हे तिच्या प्रत्येक नटावरून कळतं. पण भरपाई म्हणून तिच्याकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला नाही, तिच्यावर बसून मोठ्या झालेल्या मला तर नाहीच.

लहानपणी साताऱ्यात निवडणुकीच्या दिवसांत कोण्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरायचं. मैदानात चुन्याचं वर्तुळ, बांबूंचं कुंपण, धुळीचा लोट, पोरांची पळापळ. सगळे पुढाऱ्याकडे बघत. बाबा माझी मान हातानं वर वळवायचे. "तिकडं नको. वर बघ, पात्यांच्या मुळाशी. तिथं बघ किती दांडे आहेत." मला काही कळायचं नाही. धूळ डोळ्यांत जायची.

परवा सुट्टीला साताऱ्याला गेले तेव्हा मी त्यांना टॅबलेटवर आधी व्हेस्पाच्या पेटंटमधलं चित्र दाखवलं. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. हात थोडा थरथरतो, पण रेघेवर बोट फिरवताना थांबतो. त्यांनी चित्र मोठं केलं, पुढच्या चाकाशी गेले आणि मान डोलावली. "हाच तो," म्हणाले, जणू बऱ्याच दिवसांनी कोणी भेटायला आलंय. मग मी त्यांना हेलिकॉप्टरचं सगळं सांगितलं. त्रोयानी, चिआम्पीनो, आठ मिनिटं पंचेचाळीस सेकंद. फोटो दाखवला. ते बराच वेळ गप्प.

"मग बंद का पाडलं?"

"पैसे नव्हते बाबा."

"पैसे नव्हते," ते पुटपुटले. नंतर विचारलं, "आणि पोरं? त्याच्या हाताखाली शिकली असतील की. त्यांनी नाही धरलं पुढे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आई आतून चहाला हाक मारत होती. बाबांनी विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू ओढून घेतली, शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली आणि पात्याच्या मागची ती छोटी शेपटी काढायला घेतली. मग तार. मग तार जिथून वर जाते तो मधला पोकळ दांडा. रेघ चुकली तशी खोडली, पुन्हा काढली. चहा निवला. मी शेजारी बसून होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद माझ्याकडे वळवला आणि तारेच्या वरच्या टोकावर पेन्सिल टेकवली.

"इथली तार तुटली तर," बाबा म्हणाले, "ती बदलायला हात कुठून घातला असेल गं त्यानं?"